पंप दुरुस्तीनंतरचे तांबडे पाणी

वाशीम जिल्हा बेसाल्ट खडकाच्या पठारावर वसलेला आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेल्या या जिल्ह्यात वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके आहेत. पैनगंगा, अडाण, अरुणावती या नद्या येथून वाहत असल्या, तरी उन्हाळ्याच्या दिवसांत खेड्यापाड्यांतील घरांची भिस्त मुख्यतः विहीर, हातपंप आणि विंधण विहिरीवर, म्हणजेच ज्याला सर्वजण बोअर म्हणतात त्यावरच असते. पाण्याची पातळी खोल जाते तो काळ आणि पंप बिघडण्याचा काळ बहुधा एकच असतो. मिस्त्री येतो, पाइप वर काढले जातात, मोटार बदलली जाते किंवा हातपंपाचे वॉशर नवे बसविले जातात. सायंकाळी पंप सुरू होतो आणि पहिल्या बादलीत गेरू कालविल्यासारखे तांबडे पाणी पडते.

यानंतर गावात दोनपैकी एक गोष्ट घडते. काही कुटुंबे पाणी ‘नासले’ असे समजून तो पंप सोडून देतात आणि नाल्यातील झिऱ्याचे किंवा उघड्या विहिरीचे पाणी आणू लागतात. इतर कुटुंबे दोन दिवस वाट पाहतात. पाणी निवळले की समाधान मानून ते पिऊ लागतात. पहिल्या प्रकारात निरुपद्रवी तांबड्या पाण्याऐवजी जंतूंनी दूषित झालेले पाणी घरात येण्याचा संभव असतो. दुसऱ्या प्रकारात रंग गेला तरी दुरुस्तीच्या वेळी आत गेलेले जंतू तसेच राहू शकतात. पाण्याचा रंग आणि पाण्याची शुद्धता या दोन निराळ्या बाबी आहेत, हे ओळखल्याखेरीज या प्रश्नाचा उलगडा होत नाही.

खडकाच्या पोटात

शेजारच्या अकोला, अमरावती व बुलडाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यात खोल गाळाची जमीन आहे व तेथील खारपाणपट्ट्याचा प्रश्न सर्वांना परिचित आहे. वाशीमच्या पठाराची स्थिती त्याहून वेगळी आहे. येथे ज्वालामुखीच्या उद्रेकांतून लाव्ह्याचे थर एकावर एक साचत गेले. वरच्या भागात माती व मुरूम, त्याखाली भेगाळलेला खडक, मध्येच छिद्रे असलेला मऊ मांजऱ्या आणि पुन्हा काळा कातळ अशी साधारण रचना आढळते. पाणी असते ते मुरमात, भेगांत आणि मांजऱ्याच्या पोकळ्यांत. दोन लाव्हाथरांच्या सांध्यात पुष्कळ ठिकाणी तांबड्या मातीचा पातळ थर सापडतो. विहीर खोदणाऱ्यांना हा थर चांगला माहीत असतो, कारण तो लागला की बाहेर निघणाऱ्या मातीचा रंगच बदलतो.

विंधण विहिरीत लोखंडी किंवा प्लॅस्टिकचे केसिंग सामान्यतः माती व मुरमाच्या खोलीपर्यंतच घातलेले असते. ते कठीण खडकात टेकवून पुढे भोक उघडेच ठेवले जाते, कारण कातळ स्वतःच उभा राहतो. या पद्धतीमुळे खर्च वाचतो हे खरे. परंतु केसिंगचे बूड खडकात नीट बसले नसेल, तर मुरूम त्या फटीतून आत उतरत राहतो. तसेच भोकाच्या उघड्या भागात तांबड्या मातीचा थर आला असेल, तर पाण्याची पातळी त्याच्या खाली-वर होताना माती सुटते. पंप चालू असो वा नसो, अशा विहिरीच्या तळाशी वर्षानुवर्षे बारीक गाळ बसत असतो.

पाइप वर काढताना

पंप दुरुस्तीत पाइपांची सबंध माळ बोअरमधून वर ओढली जाते. ती केसिंगला घासते व आतल्या बाजूस धरलेले गंजाचे पोपडे खाली पडतात. मोटार पुन्हा सोडताना ती भिंतीला लागत जाते. तळाचा गाळ ढवळला जातो. नवी मोटार जुन्यापेक्षा जास्त अश्वशक्तीची असेल, तर पाण्याची पातळी पूर्वीपेक्षा झपाट्याने उतरते, भेगांतून पाणी वेगाने येते आणि आजवर शांत बसलेली माती त्याबरोबर निघते. पुष्कळदा ‘पाणी कमी झाले’ म्हणून एक-दोन पाइप जास्त जोडून मोटार थेट तळाशी टेकविली जाते. हा मोह टाळणे अगत्याचे आहे. मोटार तळापासून निदान दोन-तीन मीटर वर असावी; अन्यथा ती पाण्याऐवजी गाळच ओढील आणि स्वतःही लवकर जळेल. पंपावरील झडप गळत असेल, तर मोटार बंद होताच पाइपातील सगळे पाणी धाडकन खाली उतरते आणि प्रत्येक वेळी तळ ढवळते. वीज वारंवार ये-जा करीत असेल, तर हा प्रकार दिवसातून अनेकदा घडतो.

हातपंपाची गोष्ट थोडी निराळी आहे. खेड्यांत सर्वत्र दिसणाऱ्या ‘इंडिया मार्क दोन’ या हातपंपाच्या घडणीत महाराष्ट्राचा वाटा आहे. एका कुटुंबासाठी बनविलेले बिडाचे पंप सबंध वस्तीच्या वापराखाली टिकत नाहीत, असे दिसून आल्यावर जालना व सोलापूर येथील मिशनच्या कार्यशाळांत पोलादी पंप तयार झाले. पुढे १९७० नंतरच्या दशकात युनिसेफच्या पुढाकाराने त्या अनुभवातून हा पंप आकाराला आला. महाराष्ट्रातील १९७२ च्या दुष्काळाचा हाच सुमार. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही त्याच वेळची. हा पंप दणकट खरा, परंतु सिलिंडरमधील साधे वॉशर बदलण्यासाठीही जस्ताचा मुलामा दिलेले सगळे पाइप वर काढावे लागतात. पुढच्या ‘मार्क तीन’ पंपात रुंद पाइप वापरल्याने दट्ट्या तेवढाच वर काढता येतो. मार्क दोनच्या दर दुरुस्तीत मात्र पाइपांवर पान्याचे ओरखडे उठतात, मुलामा निघतो आणि तेथे गंज धरतो. एकाच बोअरवर हातपंप आणि सौर पंप अशी दुहेरी योजना असेल, तर एकाच्या दुरुस्तीने दुसऱ्याचेही पाणी गढूळ होते, हेही ध्यानात ठेवावे.

पाइपाच्या गंजाचा प्रश्न जगभर अनुभवास आला आहे. पश्चिम आफ्रिकेतील देशांत १९८० नंतरच्या दशकात हातपंपांच्या पाण्याची पाहणी झाली, तेव्हा आम्लधर्मी पाण्यात जस्ताचा मुलामा टिकत नाही असे आढळले. पाण्याला तांबडा रंग व लोखंडी चव आल्याने लोक नवे पंप सोडून जुन्या उघड्या पाणवठ्यांकडे परतत होते. बेसाल्टमधील पाणी सहसा जड आणि किंचित अल्कधर्मी असते, त्यामुळे येथे गंज तितक्या झपाट्याने चढत नाही. तरी पंप आठवडेच्या आठवडे बंद राहिला, की पाइपात साचलेले पाणी लाल होतेच. शाळांच्या आवारातील पंपांवर उन्हाळी सुटीनंतर हा अनुभव नेहमीचा आहे.

काचेच्या बाटलीतील परीक्षा

रंगाचे कारण शोधण्यास प्रारंभी प्रयोगशाळेची गरज नसते. स्वच्छ, बिनरंगी काचेची बाटली आणि थोडा धीर एवढे पुरते. पंप सुरू करताच एक बाटली, दहा मिनिटांनी दुसरी व अर्ध्या तासाने तिसरी भरावी, प्रत्येकीवर वेळ लिहावी आणि तिन्ही बाटल्या पांढऱ्या कागदासमोर रात्रभर ठेवाव्यात. विज्ञानाच्या शिक्षकांना हा प्रयोग वर्गात सहज करून दाखविता येईल, आणि त्याचे उत्तर गावाच्या प्रत्यक्ष उपयोगाचे असेल.

पहिली बाटली लाल व तिसरी स्वच्छ असेल, तर दोष पाइपातील गंजाचा समजावा. तिन्ही सारख्याच गढूळ असतील आणि सकाळपर्यंत तळाशी माती बसून वरचे पाणी नितळ होत असेल, तर माती किंवा मुरूम विहिरीतूनच येत आहे. पहिली स्वच्छ व तिसरी गढूळ निघाली, तर पातळी खाली गेल्यावर एखादा मातीचा थर उघडा पडतो किंवा मोटार गाळाला भिडते, असा अर्थ होतो. अशा वेळी मोटार थोडी वर घेणे किंवा उपसा कमी वेगाने करणे हा उपाय आहे. भरताना नितळ असलेले पाणी दोन-चार तासांनी पिवळसर झाले आणि तळाशी तांबूस साका बसला, तर पाण्यात लोह विरघळलेले आहे. खोल बोअरमध्ये हवा पोहोचत नाही, म्हणून तेथे लोह विरघळलेले राहू शकते. वर आल्यावर हवेशी संबंध येताच ते गंजाच्या रूपाने बाहेर पडते. उघड्या विहिरीत हा प्रकार क्वचितच आढळतो.

दुधासारखे पांढरे पाणी तळाकडून वरपर्यंत काही मिनिटांतच स्वच्छ होत गेले, तर ती केवळ हवा आहे. पंप हवा ओढीत आहे, म्हणजे पातळी फार उतरली आहे किंवा एखादा सांधा ढिला राहिला आहे. काळे कण दिसल्यास मँगनीज, झिजलेले रबर किंवा कुजलेला पालापाचोळा यांची शंका घ्यावी. कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल तर पाणी तपासून घेतल्याशिवाय पिऊ नये. बादलीवर रंगीत तवंग आल्यास तो काडीने मोडून पाहावा. काचेसारखे तुकडे होऊन ते अलग राहिले, तर तो लोहाचा तवंग होय. मोडलेला भाग लगेच पुन्हा जुळून आला, तर ते तेल आहे. काही पाणबुडी मोटारींत तेल भरलेले असते आणि तिचे सील फुटले की ते पाण्यात उतरते. असे पाणी पिण्यास व स्वयंपाकास वापरू नये आणि मोटार तत्काळ वर काढावी. पाइपाला तांबड्या शेवाळासारखा बुळबुळीत थर धरला असेल, तर लोहावर वाढणाऱ्या सूक्ष्म जीवाणूंचे ते काम आहे. ते रोग पसरवीत नसले तरी पंप तुंबवितात व पाण्याला घाण वास आणतात.

पावसाळ्यातील अनुभव मात्र वेगळा मोजावा. दुरुस्तीनंतर स्वच्छ झालेले पाणी पाऊस पडताच पुन्हा गढूळ होत असेल, तर दोष खडकात नसून ओट्यात आहे. पाइप काढताना ओट्याला तडा गेला, केसिंगच्या तोंडावरील झाकण परत बसविले गेले नाही, किंवा वायर घालण्यासाठी पाडलेले भोक उघडेच राहिले, की आवारातील सांडपाणी सरळ आत शिरते. ही अवस्था सर्वांत धोक्याची होय. गोठा जवळ असेल तर अधिकच.

उपसा आणि विसावा

माती व गंज यांवर पहिला उपाय म्हणजे उपसा. तो किती करावा, याचा हिशेब सोपा आहे. १५० मिलिमीटर व्यासाच्या बोअरमध्ये दर मीटर उंचीस सुमारे १७.७ लिटर पाणी मावते. बोअर ६० मीटर खोल व पाणी २० मीटरवर असेल, तर ४० मीटर उंचीच्या पाण्याचे सुमारे ७०० लिटर होतात. याच्या तिप्पट, म्हणजे २,१०० लिटर पाणी काढून टाकावे. मिनिटाला ३० लिटर पाणी देणाऱ्या मोटारीस सव्वा तासाच्या आत हे काम उरकते. मिनिटाला १२ लिटर देणाऱ्या हातपंपावर तीन तास लागतात. उन्हाळ्यात एवढे पाणी ओतून देणे जिवावर येते. ते झाडांना, बांधकामास किंवा आवारात शिंपडण्यास वापरता येईल. कपडे धुण्यास वापरू नये, कारण गंजाचे डाग निघत नाहीत.

बोअर कमी पाण्याची असल्यास मोटार अखंड चालवू नये. अर्धा तास चालवावी, तासभर विसावा द्यावा, पुन्हा चालवावी. प्रारंभी झडप थोडी मिटून मंद गतीने पाणी घेतल्यास माती कमी सुटते. एक-दोन दिवसांच्या अशा उपशाने बहुतेक विहिरी निवळतात. आठवडा उलटूनही पाणी तसेच राहिले, तर मात्र केसिंगचे बूड, मोटारीची खोली आणि जुने पाइप यांची पाहणी अपरिहार्य ठरते. केवळ पाणी लाल आहे म्हणून बोअर निकामी ठरवून नवी घेण्याची घाई कित्येकदा केली जाते. एका पाइपाच्या किमतीत सुटणारा प्रश्न त्यामुळे विनाकारण महाग होतो.

मोठ्या विहिरीत गाळ काढण्यासाठी माणूस उतरविताना एक गोष्ट कधीही विसरू नये. डिझेल इंजिन विहिरीत उतरवून चालविल्यास तेथे विषारी वायू साचतो. दिवा सोडून पाहण्याची जुनी पद्धत ऑक्सिजनची उणीव दाखविते, परंतु इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड ती दाखवीत नाही. दिवा तेवत असतानाही माणूस बेशुद्ध पडू शकतो. इंजिन काठावरच ठेवावे व धूर विहिरीपासून दूर जाईल अशी व्यवस्था करावी.

निवळले म्हणजे शुद्ध झाले काय?

दुरुस्तीच्या वेळी वर काढलेले पाइप अंगणात, पुष्कळदा गुरांच्या वाटेवर, आडवे पसरलेले असतात. त्यांवरून कोंबड्या फिरतात, चिखल लागतो, दोर ओला होऊन मातीत लोळतो आणि हे सारे तसेच परत पाण्यात सोडले जाते. जंतूंना रंग नसतो. म्हणून पाइप लाकडी ओंडक्यांवर ठेवणे, आत सोडण्यापूर्वी ते ब्लिचिंग पावडरच्या पाण्याने पुसून घेणे आणि शेवटी विहिरीचे निर्जंतुकीकरण करणे हा दुरुस्तीचाच भाग समजला गेला पाहिजे. मिस्त्रीशी मजुरी ठरवितानाच हे सांगितलेले बरे.

येथे क्रम महत्त्वाचा आहे. गढूळ पाण्यात जंतू मातीच्या कणांआड लपतात व क्लोरीन मातीवरच खर्ची पडतो. यासाठी आधी उपसा, पाणी निवळल्यावर टीसीएल पावडर. बोअरच्या दुरुस्तीनंतर एकदाच द्यावयाची मात्रा नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त, लिटरला सुमारे ५० मिलिग्रॅम क्लोरीन इतकी असते. वरील ७०० लिटरच्या उदाहरणात ३५ ग्रॅम क्लोरीन लागेल. ताज्या पावडरमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. साठवणुकीत तो उडून जातो. तो २५ टक्के धरला तर १४० ग्रॅम पावडर पुरेशी होते. ती प्लॅस्टिकच्या बादलीत कालवून चुना तळाशी बसू द्यावा व वरचे नितळ पाणीच आत ओतावे. साका ओतल्यास पाणी पांढरे येत राहील. नळाला क्लोरीनचा वास येईपर्यंत पंप चालवून पाणी पाइपांत भरून घ्यावे, रात्रभर बंद ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी वास जाईपर्यंत उपसावे. हे पाणी ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नये, आणि त्या रात्री कुणी ते पिऊ नये म्हणून पंपाला फलक लावावा.

उघड्या विहिरीस ही मात्रा परवडणारी नसते. तेथे १,००० लिटरला ५ ग्रॅम हे रूढ प्रमाण वापरावे. व्यास ५ मीटर व पाणी ४ मीटर असेल, तर ०.७८५ गुणिले ५ गुणिले ५ गुणिले ४ म्हणजे ७८.५ घनमीटर, अर्थात ७८,५०० लिटर पाणी होते व सुमारे ४०० ग्रॅम पावडर लागते. अर्ध्या तासाने ओटी परीक्षेत लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन दिसला पाहिजे.

लोह असलेल्या पाण्यात या परीक्षेने फसगत होऊ शकते. क्लोरीन पडताच विरघळलेले लोह गंजून पाणी अधिकच तांबडे होते. पावडरनेच पाणी बिघडले, अशी गावात तक्रार येते. लोहात क्लोरीन खर्ची पडल्याने नंतर तो शिल्लक राहत नाही. उलट गंजरूप लोह व मँगनीज यांमुळे क्लोरीन नसतानाही ओटी परीक्षेत पिवळा रंग उमटू शकतो. म्हणून लोहाचे पाणी आधी उंचावरून धार धरून हवेशी मिसळू द्यावे, स्थिर ठेवावे व वाळूतून गाळून घ्यावे. घरगुती पातळीवर तुरटी फिरविणे किंवा जुन्या घरांतून चालत आलेले निवळीचे बी उगाळणे यांनी गढूळपणा बसतो, परंतु जंतू मरत नाहीत. निश्चिती होईपर्यंत पिण्याचे पाणी उकळूनच घ्यावे.

तपासणी आणि नोंद

लोहाची मर्यादा भारतीय मानक १०५०० नुसार, २०१५ च्या दुरुस्तीनंतर, लिटरला १ मिलिग्रॅम आहे. त्याहून कमी, ०.३ मिलिग्रॅमच्या आसपासही कपड्यांवर डाग पडतात आणि चव जाणवते. म्हणजे डाग पडले की लगेच पाणी अपायकारक असे होत नाही. नायट्रेटचे उलट आहे: ४५ मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडली तरी पाणी स्फटिकासारखे दिसते, आणि तान्ह्या मुलांना ते घातक ठरते.

जल जीवन मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ रोजी झाली. त्याअंतर्गत गावोगावी पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संच हाताळण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद करण्यात आली. या संचाने लोह, नायट्रेट, गढूळपणा व शिल्लक क्लोरीन यांचा अंदाज येतो. जीवाणूंच्या कुपीतील पाणी काळे झाले तर दूषितपणाचा संशय पक्का होतो. क्लोरीन पूर्णपणे निघून गेल्यावर, काही दिवसांनी, प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीत नमुना घ्यावा व तो थंड ठेवून २४ तासांच्या आत पोहोचवावा. सार्वजनिक पाणवठ्यांचे स्वच्छता सर्वेक्षण होऊन ग्रामपंचायतीस लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते, त्यात फुटका ओटा आणि उघडे केसिंग यांचीही दखल घेतली जाते. खाजगी घरातील बोअरची अशी पाहणी आपोआप होत नाही; ती घरमालकानेच करून घ्यावयाची असते.

जलसुरक्षकाने प्रत्येक सार्वजनिक पंपाच्या दुरुस्तीची नोंद एका वहीत ठेवल्यास पुढील बरेच काम सोपे होते. दुरुस्तीची तारीख, पाण्याची पातळी, काढलेल्या व परत घातलेल्या पाइपांची संख्या, मोटार किती मीटरवर सोडली, केसिंग किती खोल आहे, कोणता पाइप गंजलेला आढळला, पाणी किती तासांनी निवळले आणि टीसीएल केव्हा टाकली, एवढ्या बाबी पुरे आहेत. पुढच्या वैशाखात त्याच पंपातून पुन्हा तांबडे पाणी आले, तर मिस्त्रीने पाइपाला हात लावण्यापूर्वी ती वही उघडावी.